हलू नका, मी आलोच

संगक पावाच्या भट्टीपुढे फरंगीस रांगेत पाचवी होती. तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, "हलू नका हं, मी आलोच."

बस्स, एवढंच. पावाच्या रांगेत जो तो हेच म्हणतो. कुणाला समोरून दही घ्यायचं असतं, कुणाची गाडी वाटेत उभी असते. मागच्याला किंवा पुढच्याला सांगायचं, माझी जागा राखा, आणि सटकायचं. तेहरानात दिवसाकाठी हजार माणसं हे वाक्य बोलत असतील आणि हजार माणसं ऐकून विसरत असतील. पण या वाक्यात 'हलू नका हं'च्या पुढे घशात खडा अडकल्यासारखा एक खरखरीत थांबा होता आणि 'आलोच' मधला 'लो' उगाचच वर उचललेला होता. फरंगीसच्या पाठीतून कळ गेली. अठरा वर्षं हा आवाज तिच्याजवळ होता. व्यायामाच्या दांड्याला धरून पहिली पावलं टाकताना होता, नकली पायाचे पट्टे आवळताना होता, आईनं समोर ताट ठेवून गुपचूप डोळे पुसले की तेव्हाही होता. या आवाजाचं तोंड तिला कधी नीट दिसलं नव्हतं. तेव्हा बर्फ पडत होतं, आणि ती जमिनीवर आडवी होती.

तिनं मान वळवली नाही. रस्त्यापलीकडे उकडलेल्या बिटाची गाडी वाफा सोडत उभी होती. मागून काठीची टकटक तिकडे गेली, थोडा वेळ थांबली आणि परत आली. तो परत आला. ठरल्याप्रमाणे, रांग पुढे सरकायच्या आत, हातात बिटाची पिशवी घेऊन. मागच्या माणसाचे त्यानं आभार मानले, देव तुमचं आयुष्य वाढवो म्हणाला. बिटासाठी हा माणूस परत आला! फरंगीसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मजा अशी की जो तळपाय नाही त्याचीच आग आधी पेटली. डॉक्टर म्हणतात, असं होतं, नसलेला पाय दुखतो. दुखतो म्हणे. त्यांना काय जातंय म्हणायला.

आपला पाव घेऊन ती खडे झटकायच्या टेबलाशी थांबून राहिली. संगक गरम खड्यांवर भाजतात, म्हणून पावाला चिकटलेले खडे तिथे उभं राहून काढायचे असतात. मग तो आला. साठीचा, उंच, मानेपाशी थोडा वाकलेला, चांगला इस्त्रीचा कोट, डोळ्यांवर काळा चष्मा. काठी काखेत धरून तो दोन्ही हातांच्या बोटांनी पाव चाचपू लागला, हलकेच, दुखरा पाय चोळावा तसा. बोटं भाजत होती तरी थांबत नव्हती. शेजारी कुणीतरी आहे हे त्याला कळलं असावं, कारण तो म्हणाला, खानम, एखादा खडा राहिला असेल तर सांगता का, लेकीचे दात नाजूक आहेत. फरंगीसनं वाकून पाहिलं. कडेला एक राहिला होता, वाटाण्याएवढा, काळाभोर. "नाही," ती म्हणाली, "काही नाही." आणि घरी जाईपर्यंत ती त्या खड्यावर खूश होती. आईनं विचारलंसुद्धा, आज स्वारी हसतेय ती कशावर. फरंगीसनं सांगितलं नाही. एका खड्यावर हसणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील?

पण दुसऱ्या दिवशी खडा पुरेना. खड्यानं काय होतं? दात दुखतो, दाताचा वैद्य असतो. ती पुन्हा त्याच वेळी भट्टीवर गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, तुम्हीच ना त्या दिवशी पाव बघून दिलात? आवाज लक्षात राहतो माझ्या. फरंगीस जरा चरकली. मग तिच्या ध्यानात आलं की या माणसापुढे तिचा आवाज कधी फुटलाच नव्हता. त्या दिवशी रस्त्यावर ती ओरडलीदेखील नव्हती, नुसती बघत राहिली होती. तिच्यापाशी त्याचा आवाज होता, त्याच्यापाशी तिचं काहीच नव्हतं. हे कळल्यावर तिला एकदम मोकळं वाटलं. तिनं नाव सांगितलं, फरंगीस. त्यानं सांगितलं, इरज सोहानी, निवृत्त नकाशानवीस, आठ वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यानं डोळे गेले, लेक गोल्नार सांभाळते. बोलका माणूस. आंधळेपणाचं रडगाणं नाही, उलट थट्टा. नकाशे काढून काढून जग पाठ झालं होतं, म्हणून देवानं पुस्तक मिटून घेतलं, असं म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याला हसता येतं याचा फरंगीसला भयंकर राग आला.

खात्री तिला करून घ्यायची होती. आवाज चुकू शकतो. म्हणून भट्टीवरून परतताना एकदा तिनं गाड्यांचा विषय काढला, माझ्या भावाकडे जुनी पेकान होती वगैरे. तो खुलला. माझ्याकडेही होती म्हणाला, पिस्त्याच्या रंगाची, सगळ्या गल्लीत तसा रंग नव्हता. काय झालं तिचं? विकली. का हो? काठीनं फुटपाथची कड चाचपत तो चार पावलं चालला. मग म्हणाला, मन उडालं. फरंगीसनं विचारलं, चांगली चालणारी गाडी, मन कसं उडालं? तो म्हणाला, उडतं कधीकधी, खानम. आणि त्यानं लगेच बिटाच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात केली.

पिस्त्याचा रंग. तो रंग तिनं बर्फात पाहिला होता, आधी अंगावर येताना आणि मग मागे हटताना. डोंगरातल्या डिझिनच्या रस्त्यावर, दुपारी दोनच्या सुमाराला, एकटीच निघालेली ती भावाच्या गाडीच्या चाकाला घसरू नये म्हणून साखळी बांधायला उतरली होती. वय सव्वीस, हातमोजे काढलेले, कारण मोज्यांनी आकडा बसत नाही. त्या रस्त्याला साखळीशिवाय बर्फात कुणी येत नाही. येतो तो स्वतःला शहाणा समजणारा. वळणावरून तो शहाणा आला, घसरला, आणि त्याच्या गाडीचं नाक तिच्या गाडीच्या शेपटीला भिडलं. मधे तिचा उजवा पाय होता. मग गाडी मागे गेली. दार उघडलं. एक कोट वाकला, चेहऱ्यासमोर बर्फ उडत होतं, आणि तो आवाज म्हणाला, "हलू नका हं, मी आलोच. माणसं घेऊन येतो." आणि ती हलली नाही. हीच तर तिची चूक होती. रांगडी, ओरडणारी बाई असती तर रस्त्यावर लोळत गेली असती, गाडीचा कर्णा वाजवला असता. ती शहाण्यासारखी पडून राहिली, कारण एका सभ्य आवाजानं सांगितलं होतं. चाळीस मिनिटांनी दुधाच्या गाडीवाल्यानं तिला उचललं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर गुडघा वाचला असता. पायाचं तिनं मनाशी कधीच मिटवलं होतं. गाडी घसरते, माणूस चुकतो. पण गुडघा? गुडघा त्या आवाजानं नेला.

तेहरानबाहेर, फशमच्या पुढच्या डोंगरावर हिदायत आगा हिवाळ्यात गुरुवार-शुक्रवार अपंगांना बर्फावर घसरायला शिकवतात. त्यांचा स्वतःचा डावा पाय घोट्याच्या वर लढाईत सुरुंगावर राहिला. ज्यांच्या कमरेखाली जीव नाही त्यांना ते एका स्कीवर बसवलेल्या खुर्चीत बांधतात आणि स्वतः मागून दोर धरून उतरतात. ओरडतात असे की डोंगरावरचे कावळे उडावेत. फरंगीसला बर्फावर परत आणलं ते त्यांनीच. बर्फ बघितलं की तिला उलटी व्हायची, त्या बाईला त्यांनी एका पायावर उभं केलं, हातात टोकाला छोट्या स्की लावलेल्या दोन कुबड्या दिल्या आणि सांगितलं, आता तुझे तीन पाय आहेत, माझ्यापेक्षा एक जास्त, रडायचं काम नाही. नकली पाय ती खालच्या खोलीत काढून ठेवी आणि वर जाई. पुढे आंधळ्यांना वाट दाखवायचं कामही त्यांनीच तिला दिलं. पाठीला छोटा भोंगा बांधून पुढे राहायचं आणि बोलत राहायचं. डावी, उजवी, हळू. सरळ असेल तेव्हाही गप्प राहायचं नाही, या, या, या, म्हणत जायचं. आंधळ्याला तुझे पाय दिसत नाहीत, हिदायत आगा म्हणत, त्याला तुझा आवाज दिसतो. त्यांचे नियम दोनच. उतारावर आंधळ्यानं बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. आणि वाट दाखवणाऱ्याचा आवाज थांबला की आंधळ्यानं जागच्या जागी थांबायचं, मेलं तरी हलायचं नाही.

तर असा हा डोंगर, आणि असा हा आवाजाचा धंदा, आणि असा हा आंधळा. फरंगीसनं काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. ते आपोआप तिच्यापुढे येऊन बसलं. एका सकाळी भट्टीवरून जाताना ती म्हणाली, आगा सोहानी, तुम्ही तरुणपणी बर्फावर जायचात म्हणालात ना, आमच्या वर्गात या. तो म्हणाला, छे हो, म्हाताऱ्याची हाडं, तुमच्या डोक्याला कशाला ताप. अर्थात. पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं, चहासुद्धा कुणी पहिल्या विचारण्याला घेत नाही. ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, तुमचा मोठेपणा, पण नको, तुमचा वेळ मोलाचा. आता तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं. फरंगीस फुटपाथवर थांबली. तिनं मनाशी बोली केली: तिसऱ्यांदाही हा नाही म्हणाला तर सुटला, त्याचं नशीब, माझं नशीब, मी भट्टी बदलीन. आणि ती गोड आवाजात म्हणाली, तुम्हाला माझ्या जिवाची शपथ, या. तो लाजल्यासारखा हसला. "आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर..." तो म्हणाला. संपलं.

चार आठवडे खालच्या उतारावर गेले. तो बरा शिकला. अंगात जुनी सवय होती, गुडघे आठवणीनं वाकत. त्याच्या गुडघ्यांकडे ती बघत राही. दोन गुडघे, वाटीसारखे वळणारे, साठीतही शाबूत. पहिल्याच दिवशी त्यानं कान देऊन विचारलं होतं, तुमच्या बाजूनं एकाच स्कीचा आवाज येतो. एकच आहे, ती म्हणाली. पाय? गाडीनं गेला. त्यावर तो नुसता अरेरे म्हणाला. कुठे, कधी, असं काही त्यानं विचारलं नाही. बोलका माणूस, बिटाच्या भावावर पाऊण तास बोलणारा, आणि इथे दोन शब्द. तिला वाटलं, विचार ना, विचार एकदा. त्यानं विचारलं नाही, आणि तिनं ते मनात घट्ट बांधून ठेवलं. उलट त्यानं एकदा हसत हसत सांगितलं की थंडीच्या सुरुवातीला संगकमधल्या खड्यानं माझी दाढ गेली, खानम, तुम्ही बघून दिलेला पाव होता बरं का, तुमची नजर काही खास नाही. ती हसली. दाढ गेली हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्यानं रागावल्याचं नावसुद्धा काढलं नाही, याचं मात्र बरं वाटलं नाही. घरी आई म्हणे, आताशा डोंगरावरून येतेस ती अशी दातओठ खात का येतेस? आईला काय सांगणार? आईनं अठरा वर्षांत तिला एकच गोष्ट सांगितली होती, सोड गं आता. ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला सोडायला सोपं असतं, असं फरंगीस एकदा आईला म्हणाली होती, आणि आई दोन दिवस बोलली नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी हिदायत आगा एका मुलीला खुर्चीत बांधत होते. फरंगीसकडे न बघताच म्हणाले, आज त्याला वर ने, तयार झालाय. गोल्नार खाली चहाच्या टपरीत गरम आश सूपचा वाडगा घेऊन बसली. तिनं बापाचं नारिंगी जाकीट ओढून सरळ केलं आणि फरंगीसला म्हणाली, तुमच्यावर सोपवतेय हं खानम. लिफ्टच्या खुर्चीत तो शेजारी बसला होता आणि नाक वर करून हवा हुंगत होता. ऊन पडलंय ना, म्हणाला. वर माणसं तुरळक होती. उताराच्या डाव्या कडेला बांबू रोवले होते, लाल चिंधी बांधलेले, दहा-दहा हातांवर एक. त्यांच्यापलीकडे बर्फ दोन पावलं सपाट जातं आणि मग जातच नाही. खाली दरी. फरंगीसला त्या बांबूंची ओळख होती. गेले चार आठवडे ती अंथरुणातही त्यांच्याकडेच बघत होती. ती फक्त 'या, या' म्हणत जाणार, कडेला आली की कुबड्या रोवून बाजूला वळणार. तो येत राहणार. आवाज चालू आहे तोवर त्यानं यायचं असतं.

"निघायचं?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. उतारावर बोलायचं नसतं.

डावी, डावी, हळू, आता सरळ, या, या, या. ती मान वळवून मागे बघत उतरत होती आणि तो येत होता, हात पुढे, तोंड थोडं उघडं, कान तिच्याकडे लावून. इतका भरवसा तिच्यावर कुणी टाकला नव्हता, आईनंसुद्धा नाही. डावी. आणखी डावी. लाल चिंध्या दिसू लागल्या. तिचा स्वतःचा आवाज भोंग्यातून तिलाच ऐकू येत होता, मऊ, मधाळ, लहान मुलाला आंघोळीला बोलवावं तसा. या, या, या. आता पंधरा हात. आता दहा. आणि तिच्या मनात आलं, हा पडेल आणि याला कळणारही नाही. पडताना म्हणेल, खानमची नजर काही खास नाही. दाढेसारखंच. एका क्षणात सगळं संपेल, आणि हा मरेल तो माझ्यावर विश्वास ठेवून. म्हणजे फुकटच की! "थांबा," ती ओरडली. तो जागच्या जागी थांबला, स्की आडव्या घालून, शिकवल्याप्रमाणे. बांबू त्याच्यापासून सहा-सात हातांवर होता. मग तिच्या तोंडून ते आलं. ते तिनं ठरवलं नव्हतं, की अठरा वर्षं तेवढंच ठरवलं होतं, कोण जाणे.

"हलू नका हं," ती म्हणाली, "मी आलेच."

भोंगा बंद करून ती आवाज न करता वीस हात बाजूला सरकली आणि कुबड्यांवर रेलून उभी राहिली. मनगटावरचं घड्याळ बाहेर काढलं. चाळीस मिनिटं. पाय नको, गुडघा नको, तेवढी चाळीस मिनिटं हवीत. पहिली दोन तो नुसता उभा होता, चेहरा उन्हात धरून, काहीतरी गुणगुणत. तिसऱ्याला गुणगुणणं थांबलं. चौथ्याला त्यानं मान इकडेतिकडे वळवली. ती बघत होती. तिला वाटलं होतं, आनंद होईल, पण झाली ती नुसती भूक, जेवताना आणखी आणखी घ्यावंसं वाटतं तशी. पाचव्याला त्यानं हाक मारली, खानम? सहाव्याला मोठ्यानं. भी, ती मनात म्हणत होती, भी, भी, आता तुला कळेल उघड्यावर वाट बघणं म्हणजे काय असतं. नवव्या मिनिटाला तो म्हणाला, पडलात का? आणि मग त्यानं जे केलं ते तिच्या हिशेबात नव्हतं.

तो खाली बसला आणि त्यानं बुटांचे खटके उघडले. दोन्ही स्की काढल्या, चाचपत उभं राहून बर्फात फुलीसारख्या रोवल्या. माणूस जखमी होऊन पडला की उताराच्या वरच्या बाजूला स्कीची फुली रोवतात, येणाऱ्याला लांबून कळावं म्हणून. ते झाल्यावर तो दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "माणूस पडलंय! इकडे माणूस पडलंय!" आवाज फाटला त्याचा, पण जवळपास ऐकायला कुणी नव्हतं. आणि तो गुडघ्यांवर आला, हातमोजे काढले, आणि उघड्या हातांनी बर्फ चाचपत रांगू लागला. मेलं तरी हलायचं नाही हा नियम त्यानं मोडला होता. तो तिला शोधत होता.

फरंगीसला रडू वगैरे आलं नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे येत होतं तर याला! ओरडता येत होतं, गुडघ्यांवर येता येत होतं, हात गारठले तरी थांबायचं नाही हेही येत होतं. सगळं येत होतं, आणि त्या दिवशी यानं ते केलं नाही. इतकी वर्षं ती समजत होती की तो हरामखोर माणूस होता, म्हणून गेला. हरामखोराकडून काय अपेक्षा धरायची? आणि हा निघाला चांगला माणूस. या चांगल्या माणसानं तिला तिथे टाकलं होतं. तो तिच्या आवाजाची शेवटची जागा धरून चालला होता, बरोबर बांबूंकडे. त्याचा हात एका बांबूवर पडला. त्यानं तो घट्ट पकडला, वरखाली चाचपला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"हात्तिच्या, ही तुमची कुबडी!" तो म्हणाला. "घाबरू नका खानम, काठी सापडली, म्हणजे तुम्ही इथेच आहात." आणि तो बांबू धरून पलीकडे गेला.

दोन पावलं होती. एक गुडघा पुढे पडला. फरंगीस गप्प होती. एक श्वास ती गप्प होती, आणि हा श्वास आपल्याला आयुष्यभर आठवणार हे तिला तेव्हाच कळलं. "थांबा," ती म्हणाली. "पुढे दरी आहे."

तो दगडासारखा झाला. मग हळूहळू मागे सरकला, बांबूला पाठ लावून बसला. हात लालभडक झाले होते. लागलंय का तुम्हाला, त्यानं विचारलं. नाही. मग? फरंगीस त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अकरा मिनिटं झाली," ती म्हणाली. "मी चाळीस काढली. डिझिनच्या रस्त्यावर, हातात साखळी होती. तुम्ही म्हणालात, हलू नका, मी आलोच. मी हलले नाही."

त्याचा काळा चष्मा बर्फाकडे होता. खालून लिफ्टचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मग त्यानं सांगितलं, सावकाश, नकाशातली वाट सांगावी तसं. वळणाखाली चहाची टपरी होती, तिथे माणसं आणायला तो गेला. दार ढकललं, आत ऊब होती. तोंड उघडलं तर शब्द फुटेना. अंगभर बर्फ होतं, म्हणून टपरीवाल्यानं न विचारता चहा पुढे केला, आणि तो बसला. एक झाला, दुसरा झाला. आता सांगू, हा संपला की सांगू, असं करत तीन झाले. मग उठून वळणापर्यंत परत आला होता. दुधाची गाडी उभी दिसली, माणसं वाकलेली दिसली. "म्हटलं, झालं," तो म्हणाला, "आता माझी काय गरज." त्याच्या घशातला खडा वाजला. "वर्गात पहिल्या दिवशी पायाचं विचारलं, आणि पुढचं विचारायची छाती झाली नाही. खानम, मला इथेच ठेवून गेलात तरी माझं काही म्हणणं नाही."

तीन चहा. तिनं अठरा वर्षं कल्पना केली होती की तो घाबरून शहराकडे पळाला, गाडी धुतली, कोट जाळला. तो हाकेच्या अंतरावर चहा पीत होता.

"एवढ्यावर भागवता होय?" फरंगीस म्हणाली. "उठा. स्की घाला."

त्याला फुलीपर्यंत तिनं आवाजानंच नेलं, हात दिला नाही. खटके बसले. तो काहीतरी म्हणायला लागला, माफीचंच असावं. "बोलायचं नाही," ती म्हणाली. "उतारावर आंधळ्यानं बोलायचं नसतं, ऐकायचं असतं." तिनं भोंगा लावला. कान झाकायला त्याला हात मोकळे नव्हते, आणि झाकले असते तर वाट गेली असती.

"उजवी. आणखी उजवी. आता सरळ, या, या. पहिल्या मिनिटाला मला काही दुखलं नाही. साखळीचा आकडा बोटात अडकला होता, तो काढायचा म्हणून मी खटपट करत होते. डावी, हळू, इथे उतार आहे. दुसऱ्या मिनिटाला मला माझा बूट दिसला, तो उलटीकडे बघत होता. या, या, या. तिसऱ्याला मी तुमची तारीफ केली. शिकलेला माणूस दिसतो, म्हटलं, आवाज सभ्य आहे. उजवी. गुडघे वाकवा, तुम्हाला आहेत. चौथ्याला एक गाडी आली. चाकांची साखळी वाजत गेली. मी ओरडले नाही, कारण तुम्ही येणार होतात, दोनदा लोकांना कशाला त्रास. सरळ. पाचव्याला बर्फ चेहऱ्यावर वितळायचं थांबलं, साचायला लागलं. डावी, डावी. सहाव्याला मी दुधाच्या दातांपासूनची सगळी माणसं आठवली, आणि कुणाचीच आठवण टिकेना, कान तुमच्या गाडीकडे. या. या. सहाव्या मिनिटापर्यंत मला एकदाही वाटलं नाही की तुम्ही येणार नाही. थांबा."

ते खाली पोचले होते. तो एकदाही पडला नव्हता, थांबला नव्हता, वळणं सगळी बरोबर घेतली होती. चष्म्याखालून गालावर पाणी आलं होतं, वाऱ्यानंही येतं. हिदायत आगांनी लांबून हात वर केला, शाब्बास. गोल्नार धावत आली, बापाचे हात बघून किंचाळली, हातमोजे कुठे घालवलेत म्हणून रागावली, चहा ओतून पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. ती पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली, तरी घेतला नाही. थकलात का बाबा, तिनं विचारलं, उद्या शुक्रवार, उद्या राहू दे का?

"येणार," तो पहिल्याच विचारण्याला म्हणाला.

गोल्नारनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. फरंगीस कुबड्यांवर ओणवून स्कीचा खटका उघडत होती. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता आणि तिला कडकडून भूक लागली होती.

"सहा झाली, चौतीस राहिली," ती म्हणाली. "नऊ वाजता. मला वाट बघायला लावू नका."